आगीनंतरची काजळी : आधी झाडा, मग धुवा, मग सारवा



होळी झाली की आपल्या जुन्नर-आंबेगावकडची हवा कोरडी पडते. डोंगराचं गवत वाळतं. पश्चिम पट्ट्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचं काम निघतं. पूर्वेकडे कांदा चाळीत पडतो, गव्हाचं भूस आणि कडब्याची गंजी घराच्या अंगाला येऊन बसते. अशा दिवसांत राबाची ठिणगी, डोंगराचा वणवा, चुलीतला राहिलेला विस्तव, नाहीतर विजेची जुनी वायर, एवढं निमित्त पुरतं. घर पेटतं. गाव धावून येतं, हंडे-बादल्या ओततं आणि आग विझते.

आग विझवायची कशी हे आपण पुष्कळदा ऐकतो. आज विझल्यानंतरचं बघू. भिंती उभ्या आहेत, छप्पर निम्मं-अर्धं राहिलंय, आणि आतलं सगळं काळंठिक्कर. अशा वेळी घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो, की भिंतींवर पाणी मारावं, शेणानं सारवून घ्यावं, म्हणजे घर घरासारखं दिसेल. इच्छा चांगली, पण क्रम उलटा. या क्रमानं गेलात तर काजळी भिंतीत मुरते, सारवण सुटतं, वास वर्षभर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे धुरानं खराब झालेलं धान्य आणि वैरण नजरेतून सुटून माणसांच्या आणि जनावरांच्या पोटात जाते. म्हणून कामाचा क्रम आधी समजून घ्या.

काजळी म्हणजे नेमकं काय?

चुलीच्या वरच्या वाशांवर वर्षानुवर्षं काजळी बसते. तिची आपल्याला सवय आहे. जुनी माणसं सांगतात, की धुरातल्या वाशाला आणि बांबूला कीड लवकर लागत नाही, आणि ते खरं आहे. पण ती लाकूड-गोवऱ्यांच्या धुराची काजळी. पेटलेल्या घराची काजळी निराळी. आजच्या घरात ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, पीव्हीसी पाइप, नायलॉनच्या गोण्या, विजेच्या वायरी, खताच्या पिशव्या आणि फवारणीची औषधंही असतात. हे सगळं जळून जो धूर होतो, तो विषारी असतो.

या काजळीत दोन गोष्टी असतात. एक, कोळशाची अतिशय बारीक भुकटी. दुसरी, डांबरासारखा तेलकट चिकटा. नुसत्या पाण्यानं तेलकट डाग निघत नाही, उलट भुकटी पाण्याबरोबर भिंतीच्या छिद्रांत शिरते. पाइप आणि वायरी जळल्या असतील तर त्या धुरात आम्लही असतं. त्याला दमटपणा मिळाला की पत्रा, भांडी आणि मोटारीचे भाग गंजायला लागतात. म्हणून पहिलं काम कोरडं करायचं आणि पाणी नंतर आणायचं. मात्र धातूच्या वस्तू फार दिवस तशाच ठेवायच्या नाहीत.

१. आत पाऊल टाकण्याआधी

विस्तव दिसत नाही म्हणजे विझला असं समजू नका. कारवीच्या कुडाच्या भिंतीत, भुशात, गंजीच्या पोटात आणि जाड तुळईत आग तासन्‌तास धुमसत राहते. हाताची पालथी बाजू भिंतीजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर तिथला लिंपा फोडून पाणी घाला. पहिली रात्र कोणीतरी जागं राहून लक्ष ठेवावं.

मीटरला आणि बोर्डाला हात लावू नका. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा आणि वायरमनकडून वीजपुरवठा तोडून घ्या. गॅसची टाकी तापली असेल किंवा वास येत असेल तर दूर राहा आणि १९०६ वर कळवा. वरून कौलं किंवा वासा निसटायच्या बेतात आहे का, हे बाहेरून बघूनच आत जा.

लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि दम्याचे रोगी यांना झाडणीच्या कामापासून लांब ठेवा. काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट घालावेत. तोंडाला नुसता पंचा बांधून बारीक भुकटी अडत नाही, औषधाच्या दुकानातला एन-९५ मास्क घ्यावा. आगीत धूर लागलेल्या माणसाचा आवाज बसला, खोकला वाढला, डोकं दुखू लागलं, गरगरलं किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवशी का होईना, दवाखान्यात न्या. धुराचा त्रास उशिराही दिसतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

२. पंचनाम्याआधी साफसफाई नको

हे सांगायला कठीण वाटतं, पण सांगितलंच पाहिजे. घर झाडून लख्ख केलं आणि मग तलाठी आले, तर नुकसान दाखवणार काय? म्हणून त्याच दिवशी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांना आणि ग्रामपंचायतीला कळवा. तहसील कार्यालय जुन्नरकरांचं जुन्नरला आणि आंबेगावकरांचं घोडेगावला आहे. पोलिसांतही नोंद करा. घराचा किंवा जनावरांचा विमा असेल तर विमा कंपनीला तातडीनं कळवा. दगावलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला काढू नका.

आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. घर, गोठा, जनावरं, कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीसाठी ठरलेल्या दरानं मदत मिळू शकते. दर वेळोवेळी बदलतात, ते तहसीलमध्ये विचारून घ्या. कोणाच्या तरी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे, छपराचे, गोठ्याचे आणि धान्याचे फोटो काढून ठेवा. जळालेल्या वस्तूंची यादी करा. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या.

कागदपत्रांचं गाठोडं सापडलं तर घाईनं सोडू नका. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून वेगळे करू नका, सावलीत वाळू द्या. काजळीचा कागद पुसू नका, हलकेच झटका. सातबारा, शिधापत्रिका आणि आधार यांच्या नकला पुन्हा मिळतात, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. अर्धवट जळलेल्या नोटाही फेकू नका, तुकड्यांसकट डब्यात ठेवा. फार करपलेल्या नोटा गावच्या बँकेत घेत नाहीत, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या मुंबईच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो.

३. खायचं, प्यायचं आणि वैरण

भिंती दोन दिवस काळ्या राहिल्या तर बिघडत नाही. पोटाचं तसं नाही. म्हणून पंचनामा होताच पहिली निवड धान्याची आणि वैरणीची करा.

घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीतलं धान्य, कोठी तापली नसेल आणि आत धुराचा वास नसेल, तर चालेल. कोठी उघडण्याआधी बाहेरून पुसून घ्या, नाहीतर काजळी आत पडेल. कणगीतलं, पोत्यातलं किंवा उघड्यावरचं धान्य धुरात सापडलं असेल आणि घरात प्लास्टिक किंवा औषधं जळाली असतील, तर ते माणसांना देऊ नका, कोंबड्या-जनावरांनाही घालू नका. ते धुऊन किंवा उन्हात घालून शुद्ध होत नाही. उघडं पीठ, तिखट-मीठ, गूळ, तेल आणि फुगलेले डबे टाकून द्या. जीव तुटतो, कबूल आहे. पण दवाखान्याचा खर्च पोत्यापेक्षा मोठा.

धूर न लागता नुसतं विझवण्याच्या पाण्यानं भिजलेलं धान्य त्याच दिवशी पातळ पसरून वाळवा. बुरशी आली की तेही खाण्यातून गेलं.

बियाणं राखून ठेवलं असेल तर ते नुसतं बघून ठरवू नका. दाणा वरून चांगला दिसतो, पण उष्णतेनं आतला कोंब मेलेला असतो. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं ठेवा, गुंडाळा, ओल टिकवा आणि आठवडाभरानं चांगले उगवलेले मोजा. भाताचे ८०, गव्हाचे ८५, बाजरीचे ७५ उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. फार कमी उगवले तर त्या बियाण्याच्या भरवशावर हंगाम सोडू नका. ही परीक्षा आग लागल्याच्या आठवड्यातच करा, म्हणजे नवं बी मिळवायला वेळ राहतो.

चाळीतला कांदा निवडून घ्या. उष्णता लागलेला कांदा पिलपिलीत होतो आणि शेजारचा नासवतो. विषारी धुरात सापडलेला कांदा बाजारात किंवा घरात नको.

पाण्याचा माठ आणि रांजण सच्छिद्र असतात, ते धूर पितात. पिण्यासाठी नवा घ्या. उघडी टाकी किंवा पिंप रिकामं करून घासा. ब्लीचिंग पावडरनं जंतू मरतात, धुरातलं विष मरत नाही, हे लक्षात ठेवा. साफसफाईचं काळं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

वैरणीचंही तसंच. करपलेला कडबा, वितळलेलं प्लास्टिक चिकटलेला पेंढा, खत सांडलेलं भूस गव्हाणीत टाकू नका. युरिया मिसळलेलं पाणी किंवा भूस जनावराला विषबाधा करतं. गव्हाण आणि हौद धुऊन मगच दावणीला बांधा. जनावर ठसकत असेल, नाकातून पाणी येत असेल, कासेला किंवा खुरांना भाजलं असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पथकासाठी १९६२ क्रमांक आहे. बाहेरून धडधाकट दिसणारं जनावरही दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवा.

४. कोरडी झाडणी

आता घराकडे वळू. दारं-खिडक्या उघडा, पण जोराच्या वाऱ्याच्या वेळी काम नको. सकाळची शांत वेळ बरी.

झाडणी वरून खाली करावी. आधी आढं आणि वासे, मग भिंती, शेवटी जमीन. मऊ केरसुणी हलक्या हातानं फिरवा. खराट्यानं खरडू नका, त्यानं काजळी घासली जाऊन डाग पसरतो. झाडून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याची घडी करून भिंत टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. घडी काळी झाली की दुसरी बाजू घ्या. पडलेली भुकटी फावड्यानं उचलून गोणीत भरा.

याला एक अपवाद आहे. छपराला सिमेंटचे पत्रे असतील तर ते आगीत तडकून फुटतात. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते छातीत जाणं घातक आहे. ते तुकडे कोरडे झाडू नका, फोडू नका. पाणी शिंपडून, ओले करून, अलगद उचला आणि जाड पिशवीत बांधा.

जळिताच्या राखेचं काय करायचं? नुसतं लाकूड आणि पेंढा जळाला असेल तर ती राख शेतात चालते. पण प्लास्टिक, रंग, औषध जळालं असेल तर ती राख शेतात, उकिरड्यावर किंवा भांडी घासायला वापरायची नाही. औषधांच्या जळालेल्या बाटल्या वेगळ्या बांधून ठेवा आणि त्यांचं काय करावं हे तालुका कृषी कार्यालयात किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

५. जशी भिंत, तसा उपाय

मातीची किंवा कुडाची भिंत : ही धुवायची नाहीच. काळा झालेला वरचा थर खरवडून काढा, खालची स्वच्छ माती दिसेपर्यंत. मग भाताचं तूस किंवा पेंढ्याचे बारीक तुकडे घालून मळलेल्या मातीचा नवा गिलावा द्या. तो पुरता वाळल्यावरच सारवण किंवा चुना. काजळीवरच शेण-माती लावली तर खालच्या तेलकटपणामुळे ती धरत नाही, पापुद्रे सुटतात आणि डाग पुन्हा वर येतात. जमिनीचंही तसंच. वरचा थर उकरून नवी माती टाका, चोपून घ्या, मग सारवा.

सिमेंटच्या गिलाव्याची भिंत : १० लिटर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड घाला. हातात रबरी मोजे हवेत. इथं एक गंमत आहे. झाडणी वरून खाली केली, पण धुणं खालून वर करायचं. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे पट्टे निघता निघत नाहीत. खालचा भाग आधी ओला असेल तर ओघळ चिकटत नाही. एकावेळी हातभर पट्टा घ्या, लगेच स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुसा. पाणी काळं झालं की बदला.

भिंत पूर्ण वाळल्यावर कळीच्या चुन्याचे दोन हात द्या. चुना विरताना उकळतो, तेव्हा डोळे सांभाळा आणि मुलांना लांब ठेवा. एवढं करूनही पिवळे डाग फुटून वर आले तर आधी तेलाचा प्रायमर लावा, मग रंग. प्रायमर डाग आणि वास दोन्ही दाबतो.

दगडी भिंत : तापलेल्या दगडावर एकदम गार पाणी ओतल्यानं तडे जातात. दगड पुरते निवू द्या, नंतर ब्रशनं घासा. सांध्यातली माती भाजून भुसभुशीत झाली असेल तर उकरून नव्यानं दर्जा भरा.

स्लॅब : हातोडीनं हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला, गिलावा सुटून सळई उघडी पडली, स्लॅब लवला किंवा नवे तडे दिसले, तर त्याखाली राहू नका. वरून गिलावा-रंग करून तडा झाकणं म्हणजे धोका झाकणं. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय संसार आत नेऊ नका.

६. लाकूड, पत्रा आणि कौलं

सागाचा जाड वासा वरून कोळसा झाला तरी आत पुष्कळदा शाबूत असतो, कारण वरचा कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. कोळसा तासून काढा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. उरलेली जाडी मूळच्या जाडीशी ताडून बघा. आढं, तुळई, खांब यांसारखं भार घेणारं लाकूड बारीक झालं असेल तर सुताराच्या सल्ल्याशिवाय ठेवू नका. बारीक रिपा बदललेल्याच बऱ्या.

लोखंडी पत्र्याचा वरचा जस्ताचा थर आगीत जातो. वाकलेला, पांढुरका पडलेला पत्रा लवकर गंजेल, म्हणून तो गोठ्याच्या आडोशाला वापरा, घरावर नको. कौल बोटानं वाजवा. खणखणीत वाजलं तर शाबूत, बद्द वाजलं तर तडकलेलं.

७. भांडी, कपडे, औजारं

धातूच्या वस्तू पहिल्या एक-दोन दिवसांतच कोरड्या पुसून घ्या. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन, लगेच वाळवून, लोखंडाला तेलाचा हात द्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा लावू नका, सोडा ते खातो. त्यांना साबण पुरे. तांब्या-पितळेला चिंच-मीठ चालतं. प्लास्टिकचे डबे, बाटल्या, मुलांची दुधाची बाटली टाकून द्या, त्यांतला वास आणि विष जात नाही.

कपडे आणि वाकळा पाण्यात टाकण्याआधी बाहेर झटकून घ्या, दिवसभर उन्हात घाला, मग साबण-सोड्यात भिजवा. एका धुण्यात वास जाणार नाही, दोन-तीन वेळा धुवावं लागेल. घोंगडीला सोडा आणि गरम पाणी नको, रिठ्याच्या गार पाण्यात धुवा.

मोटार, स्टार्टर, फवारणी पंप यांची एक गोष्ट विसरू नका. काजळीतून वीज वाहते. बाहेरून पुसून बटण दाबलं तर आत शॉर्ट होऊन मोटार जळेल, माणसाला झटकाही बसेल. मोटार भरणाऱ्या कारागिराकडून उघडून तपासल्याशिवाय चालू करू नका. वितळलेली वायर पट्टी लावून वापरायची नाही, ती बदलायचीच.

८. वास जात नाही, काय करावं?

काही जण उदबत्ती, धूप, फिनेल वापरतात. त्यानं वास झाकला जातो, जात नाही. काजळी कुठंतरी राहिली म्हणूनच वास येतो. वाशांच्या वरची बाजू, कौलांच्या खालचा भाग, माळा, खिडकीची चौकट, कपाटाची पाठ इथं शोधा. मग ऊन आणि वारा मिळू द्या. चुन्याचा हात वास कमी करतो. टोपलीभर स्वच्छ कोळसा खोलीत ठेवला तर तोही थोडा वास ओढून घेतो.

मृगाच्या आधी

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे आगी बहुतेक उन्हाळ्यात लागतात आणि मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूला पाऊस सुरू झाला की थांबत नाही. झाडणी राहिलेल्या घरावर पाऊस पडला तर काजळी ओघळून भिंतीच्या पायापर्यंत मुरते, लिंपा वाळत नाही आणि बुरशी धरते. म्हणून हातात पैसा थोडा असेल तर तो आधी छपराला लावा, मग भिंतींना, रंग सगळ्यात शेवटी. रंगाचं काम दिवाळीपर्यंत थांबलं तर बिघडत नाही.

एका घरानं हे काम उरकत नाही. आपल्याकडे पेरणी-नांगरटीला इर्जिक घालायची रीत आहे. जळालेल्या घरासाठीही तशीच इर्जिक घाला. पाच-सहा जण झाडणीला, दोघं माती मळायला, एक सुतार, आणि एक जाणता माणूस घरधन्याबरोबर तहसीलला. भांडी-कपडे देणारे पुष्कळ असतात, पण त्या घराला खरी गरज चार दिवसांच्या हातांची असते.

लक्षात ठेवा

० आधी वीज-गॅस बंद, मग आत पाऊल.
० आधी पंचनामा आणि फोटो, मग साफसफाई.
० आधी धान्य, पाणी, वैरण, मग भिंती.
० झाडणी कोरडी आणि वरून खाली. धुणं खालून वर.
० मातीची भिंत धुवायची नाही, खरवडायची.
० सिमेंटचा फुटका पत्रा ओला करूनच उचलायचा.
० काजळीवर सारवण नाही, तड्यावर रंग नाही.
० बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय पेरणी नाही.

हा कागद घरात कुठंतरी टांगून ठेवा. आणि जवळ कुणाच्या घराला आग लागली तर बादलीबरोबर हाही घेऊन जा.